निखळलेली पाकळी: नवा दगड बसवावा की जागा रिकामी ठेवावी?

गारगोटी:
आम्ही लंडनमधले नऊ जण इटालियन दगडी मोझॅइक, म्हणजे रंगीत दगडांचे तुकडे जोडून केलेली चित्रं, जमवतो. मंडळ छोटंसंच. दर दोन महिन्यांनी कुणाच्या तरी घरी भेटतो, नवी वस्तू टेबलावर येते आणि भिंग हातोहात फिरतं. नियम एकच: जुन्या कामात नवा दगड घातला, तर ती वस्तू मंडळाच्या प्रदर्शनात मांडायची नाही. हा नियम बदलायला हवा असं मला मनापासून वाटतं.

माझ्याकडे फ्लॉरेन्सचा एकोणिसाव्या शतकातला एक ब्रोच आहे. काळ्या बेल्जियन संगमरवरात बसवलेली जाईची फांदी. मागच्या वर्षी टाचणी दुरुस्त करायला एका सोनाराकडे दिला, आणि त्याने तो स्वच्छ करायला गरम पाण्यात सोडला. हे तुकडे मेण आणि राळेच्या मिश्रणाने चिकटवतात, ते उष्णतेने सुटतं. एक पाकळी निघाली आणि पाण्याबरोबर वाहून गेली. आता तिथे तांदळाच्या दाण्याएवढी पिवळट खाच आहे. ब्रोच हातात घेतला की आधी डोळा तिथेच जातो. जाई नंतर दिसते.

या कलेत रंग लावत नाहीत, छटा दगडातच शोधतात. पाकळीची एक कड दुधासारखी आणि बुडाशी राखी सावली हवी असेल, तर दोन्ही एकाच तुकड्यात मिळायला हवं. कारागीर कागदी साचा दगडाच्या पातळ चकतीवर सरकवत, फिरवत ती जागा हेरतो. मग लाकडी धनुष्याला ताणलेल्या लोखंडी तारेने, ओली कुरुंदाची पूड सोडत सोडत, कापतो. तारेला दात नसतात, कापते ती पूड. शेवटी तुकड्याच्या कडा खालून किंचित आत तासतात, म्हणून वरून सांध्यात केसही शिरत नाही. हे हात फ्लॉरेन्समध्ये आजही आहेत. त्यांच्याकडून एक पाकळी करून घेतली तर काय बिघडलं?

अकीक:
तुमचं दुःख समजतं, पण नियम योग्यच आहे. तैलचित्रात भरलेला नवा रंग जाणकाराला कळतो. दगड विटत नाही. चांगल्या कारागिराने बसवलेली पाकळी तुम्हालाही वर्षभराने ओळखता येणार नाही, मग पुढच्या घेणाऱ्याला कशी कळणार? जे काम इतकं बेमालूम होऊ शकतं, तिथे नियम कडकच हवा.

४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधल्या, चिमाबुए या जुन्या चित्रकाराने रंगवलेल्या क्रूसावरचा बराचसा रंग धुऊन गेला. तो क्रूस फ्लॉरेन्सवाल्यांनीच दहा वर्षं खपून सावरला. गेलेला चेहरा कुणी नव्याने रंगवला नाही. जुनी चित्रं सावरण्यातले जाणकार उंबेर्तो बाल्दिनी यांच्या देखरेखीखाली त्या जागा बारीक रंगरेषांनी भरल्या. लांबून डोळा अडखळत नाही, जवळ गेलं की जे गेलं ते गेलेलं दिसतं. त्या शहराकडून शिकायचं तर हे शिकू या.

गारगोटी:
अकीक, ते एका चित्रकाराच्या हातचं काम होतं. इथे नक्षी एकाची, दगड निवडणारा दुसरा, कापणारा तिसरा. तिथला राज्यकर्ता फर्दिनांदो मेदिची याने १५८८ मध्ये फ्लॉरेन्सला या कामाचा कारखाना उभा केला. मेदिची घराण्याच्या समाधी-मंदिराचं बांधकाम १६०४ मध्ये सुरू झालं आणि तिथली फरशी पुरी व्हायला विसावं शतक उजाडलं. पिढ्यान्‌पिढ्या एकाच्या हातचं दुसऱ्याने पुढे नेलं. त्यात कुठला तुकडा अस्सल आणि कुठला नवा म्हणायचा?

आणि आपल्या दिल्लीचंच बघा. लाल किल्ल्यात दिवाण-ए-आमच्या सिंहासनामागे काळ्या दगडावर याच कलेतले पक्षी, फुलं आणि वाद्य वाजवणारा ऑर्फियस, ग्रीक पुराणातला गायक, आहे. १८५७ नंतर एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यातल्या चकत्या काढून विलायतेला नेल्या. व्हाइसरॉय कर्झनने त्या परत आणवल्या आणि खराब झालेलं काम सावरायला फ्लॉरेन्सचा कारागीर बोलावला. तो आला नसता, तर ती भिंत आज कशी दिसली असती?

अकीक:
त्या कामाची सरकारी नोंद आहे. तुमच्या ब्रोचची चिठ्ठी तुमच्या नातवंडांनंतर कुणाच्या हाती राहणार?

आणखी एक. पॅरिसच्या दुकानदारांनी अठराव्या शतकात जुन्या राजेशाही कपाटांवरचे दगडी फलक काढले आणि नव्या फर्निचरला बसवून विकले. तिथला नामांकित फर्निचर कारागीर मार्तां कार्लं याच्या हातच्या वस्तूंवरही असे फलक आहेत. दिसतात सुंदर, पण मूळ कपाटं मोडली ती मोडलीच. आपल्यासारख्या हौशी लोकांच्या आवडीपायीच हे झालं. म्हणून संग्राहकांनी स्वतःला बांधून घ्यावं, असं मी कळकळीने म्हणतो.

सांधा:
दोघांच्या मधलं सुचवतो. खाच रंगीत मेणाने भरा. काळ्या दगडाच्या मानाने ते मंद दिसेल, नजर अडकणार नाही, आणि हवं तेव्हा सहज काढता येईल.

गारगोटी:
सांधा, मेण करून पाहिलं. दिव्याखाली उरलेल्या चार पाकळ्या आतून उजळतात आणि पाचवी मेलेली दिसते. तसं बघवत नाही, खरंच. पाकळी दगडाचीच हवी. पण अकीक, नोंदीचा तुमचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. नव्या पाकळीच्या पाठीवर वर्ष कोरून घेतलं तर? चिकटवायलाही मेण-राळच वापरायला सांगेन, म्हणजे कधीही सोडवता येईल.

अकीक:
चिकटवल्यावर पाकळीची पाठ कोण बघणार? ब्रोचच्या सोन्याच्या चौकटीच्या पाठीवर कोरा: कुठली पाकळी, कुठल्या साली. ते वस्तूपासून वेगळं होत नाही. इतकं केलंत तर प्रदर्शनाला माझी हरकत नाही. माझ्याकडे असता तर मी खाच तशीच ठेवली असती, हे मात्र आजही म्हणेन.

गारगोटी:
पाठ सपाट आहे, एक ओळ मावेल. पुढच्या भेटीत नियमात एवढीच भर मांडते: नवा दगड चालेल, पण चौकटीवर कोरलेलं हवं. आणि प्रदर्शनात शेजारच्या चिठ्ठीवर गरम पाण्याची हकिगतही लिहिणार आहे. कुणीतरी ती वाचून आपला ब्रोच सोनाराच्या हातात देताना एक वाक्य जास्त बोलेल.