वंदनाची जागा ऋतुजा भरेल का?
प्रश्न आलाय की भारतीय महिला हॉकी संघात राणी रामपाल आणि वंदना कटारियानंतर आपली साताऱ्याची फॉरवर्ड ऋतुजा पिसाळ पुरेल का. पुरेल, पण लगेच गोल मोजू नका. वंदनाच्या टोकियो ऑलिंपिकमधल्या हॅटट्रिकमध्ये जोरदार फटके नव्हते. गोलजवळ स्टिक जमिनीला टेकवून चेंडूची दिशा बदलणं, म्हणजे डिफ्लेक्शन होतं. तरुण फॉरवर्ड नेमकी तिथंच चुकते: मान खाली घालून बेसलाइनने धावते, गोलवर फटका मारायचा कोन संपतो, बचावपटू चेंडू काढून घेते. त्याऐवजी डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) शिरताच चेंडू बचावपटूच्या पायावर खेळवून त्या फाउलवर पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलची मोठी संधी, मिळवावा. चर्चगेटच्या टर्फवर आपल्या पोरींकडून दूरच्या पोस्टवरचं डिफ्लेक्शन रोज घोटून घ्या. आणि हो, प्रेसिंगसाठी (चेंडू हिसकावायला धावून दबाव टाकण्यासाठी) पाच-सहा मिनिटांनी बदली हवीच. दमलेल्या फॉरवर्डचा पहिला स्पर्शच सुटतो.