वाळवी मालकाची, झुरळं भाडेकरूची. मग ढेकूण कुणाचे?

विश्रामबागकर
सांगलीत कॉलेजजवळ खोली घेऊन राहतो. कॉट मालकांचा, गादीही त्यांचीच. गादीच्या शिवणीत काळे ठिपके दिसले, उशी उचलली तर ढेकूण. मालक म्हणतात, "तूच आणलेस, फवारणीचे पैसे डिपॉझिटमधून कापणार." माझं म्हणणं सरळ आहे. जी वस्तू मालकानं दिली, तिच्यातली कीड मालकाची. झुरळांबद्दल मी ब्र काढत नाही, खरकटी भांडी आमचीच असतात.

गावभागातला घरमालक
ढेकणाला पंख नसतात हो. तो बॅगेतून येतो, ट्रॅव्हल्सच्या सीटवरून येतो, मित्राच्या अंथरुणातून येतो. मी गादी उन्हात घालून, बघून देतो. वाळवीचं म्हणाल तर मान्य. 2019 च्या पुरात आमचा तळमजला बुडाला, भिंती ओल धरून राहिल्या आणि दाराच्या चौकटीवर मातीच्या नळ्या चढल्या. फरशी-भिंतीच्या सांध्यात फुटाफुटावर भोकं पाडून औषध भरून घेतलं, सगळा खर्च माझा. पण भाडेकरूनं त्याच चौकटीला रद्दीचे गठ्ठे टेकवले होते. नळ्या दिसत असून महिनोन्‌महिने चकार शब्द नाही. ते नुकसान कुणाच्या माथी मारू?

मिरजेची वकील
महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 14. घर राहण्याजोगं ठेवायची जबाबदारी मालकाची. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्यानं रास्त मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. वाळवीनं पोखरलेली चौकट यात बसवता येईल. ढेकणांची फवारणी म्हणजे दुरुस्ती, हे पटवणं अवघड. शिवाय विश्रामबागकर, तुमचा करार अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार नव्हे तर जागा वापरायची नुसती परवानगी असेल, तर हे कलम तुमच्या फारसं कामाचं नाही. करारात काय लिहिलंय ते आधी वाचा.

विश्रामबागकर
लिहिलंय ना! "खोली सोडताना कीटकनाशक फवारणीचा खर्च भाडेकरूकडून." कीड असो वा नसो. ॲडमिशनच्या गडबडीत खोली मिळाली हेच नशीब, तिथं कलमांवर कोण हुज्जत घालतं?

फवारणीवाला
या धंद्यात आहे म्हणून बोलतो. कुणी आणले हे ढेकूण बघून मला सांगता येत नाही, कुणालाच येत नाही. दोघंही एकाच फवारणीत काम उरका म्हणतात, भांडण तिथंच पेटतं. अंडी साधारण आठवड्या-दीड आठवड्यात फुटतात आणि अंड्यांवर औषधाचा फारसा असर होत नाही. म्हणून दोनेक आठवड्यांनी दुसरा हात मारावाच लागतो. सुट्टीत खोली बंद ठेवली म्हणून मरतील या भ्रमातही राहू नका, रक्ताशिवाय महिनोन्‌महिने तग धरतात. आणि एकच खोली मारली तर ते भिंतीच्या भेगांतून, वायरिंगच्या पाइपातून शेजारी सरकतात. शेजारची खोली उघडून द्यायचा अधिकार भाडेकरूला आहे का? मालकालाच आहे. मग काम त्यानंच करून घ्यायला नको?

गावभागातला घरमालक
करून घेईन, पण फुकट नाही. पहिल्या महिन्यात निघाले तर खर्च माझा, नंतर निघाले तर निम्मा-निम्मा. बिल दाखवल्याशिवाय डिपॉझिटला हात लावू नये, एवढं विश्रामबागकरांचं बरोबर. तसं सरसकट कापणं म्हणजे कमाईच झाली.

विश्रामबागकर
आणि शेजारच्या खोलीतले दुसऱ्या महिन्यात माझ्याकडे आले तर? तरी निम्मा माझाच?

गावभागातला घरमालक
मग शेजारच्याचाही हिस्सा धरू. तो कबूल होतो का बघा.

फवारणीवाला
तुमचं ठरेपर्यंत एक करा. कॉट लोखंडी असेल तर पोकळ नळ्यांच्या तोंडात बॅटरी मारून बघा. लोक गादी जाळतात आणि कॉट तसाच ठेवतात.