कम्युनिटी कॉलेजमधून बर्कलीला ट्रान्सफर: टॅग कामाला येतो का?

नवखा_गणिती: कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजचं (दोन वर्षांचं कॉलेज, तिथून पुढे विद्यापीठात जाता येतं) पहिलं वर्ष संपत आलंय. मेजर (मुख्य विषय) गणित, जीपीए ३.८. टॅग (ट्रान्सफर प्रवेशाच्या हमीचा अर्ज) भरला की बर्कली पक्कं, असं एक मित्र म्हणतो. खरं आहे का?

जुनी_खोड: नाही रे. टॅग म्हणजे प्रवेशाची हमी, पण ती देणारे यूसीचे (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे) कॅम्पस सहाच: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो त्यात नाहीत. तरी टॅग भरच, एकाच कॅम्पसला भरता येतो, सप्टेंबरमध्ये. बर्कलीचा अर्ज वेगळा करता येतोच.

माझं काय झालं सांगते. समुपदेशकांच्या भरवशावर राहिले आणि लिनिअर अल्जेब्रा राहूनच गेला. असिस्ट डॉट ऑर्ग उघडलंच नव्हतं! तुझ्या कॉलेजचा कोणता कोर्स यूसीतल्या कोणत्या कोर्सच्या जागी चालतो, ते त्या साइटवर दिसतं. उन्हाळ्यात धावपळ करून भरून काढला. (समुपदेशक बिचारे चांगले होते, पण मेजर बदललाय हे मीच सांगितलं नव्हतं.)

नवखा_गणिती: बाप रे, आजच बघतो. आणि एसएटीचे (प्रवेश परीक्षेचे) गुण?

जुनी_खोड: यूसी बघतच नाही. निबंधांकडे लक्ष दे.