पातं, भोवरा आणि फटफट

रानपाखरू: एका लेखाचं भाषांतर करतेय, अडकलेय. हेलिकॉप्टर उतरायला लागलं की फट्-फट् आवाज येतो ना, त्याबद्दल आहे. पात्याच्या टोकाशी हवेचा भोवरा सुटतो. एरवी तो खाली निघून जातो, पण उतरताना फिरत्या पात्यांच्या चक्राच्या (रोटरच्या) पातळीतच रेंगाळतो आणि मागून येणारं पातं त्याला गाठतं. इंग्रजीत 'ब्लेड-व्होर्टेक्स इंटरॅक्शन'. मी 'पर्णावर्त आंतरक्रिया' लिहिलं. संपादकांचा शेरा: "हे पंचकर्मात येतं का?" शिवाय नॉइजला गोंगाट म्हणू की आवाज?

दगडू नाशिककर: आमचं बालपण गांधीनगरला, लष्कराच्या हेलिकॉप्टरांखाली गेलं. चेतक आलं की आजी म्हणायची, "आली फटफटी." काकांची राजदूतही फटफटीच. सरळ 'टक्कर' लिहा.

घूर्णक: टक्कर कशी? बऱ्याचदा भोवरा पात्याला शिवतही नाही, नुसता जवळून जातो. तेवढ्यानं पात्यावरचा दाब क्षणात बदलतो, तोच फटका ऐकू येतो. माझं काम संगणकावर हेच गणित मांडायचं. खरी गोची अशी की गणितासाठी हवेचे बारीक चौकोन पाडतो, ती आमची जाळी भरड असली तर भोवरा पुढच्या पात्यापर्यंत पोचायच्या आतच विरतो. हवेत नाही विरत, गणितात विरतो! मग उत्तर येतं, हेलिकॉप्टर अगदी शांत आहे. ताडून बघायला २००१ च्या हार्ट-२ या प्रयोगाचे आकडे आहेत: नेदरलँड्समधला वातबोगदा (वारा सोडून चाचणी घ्यायचा बोगदा), बीओ-१०५ हेलिकॉप्टरच्या चक्राची ४० टक्के आकाराची प्रतिकृती. दर फेरीत पात्याचा कोन तीनदा जेमतेम ०.८ अंशानं हलवायचा. फेरीत तो हलवायची एक वेळ साधली तर आवाज घटतो, दुसरी साधली तर कंप.

शुद्धमती: भोवरा विरत नाही. विरतं ते लुगडं. भोवरा निमतो.

दगडू नाशिककर: ताई, ढग विरतात, सूर विरतो. त्यांनी काय लुगडं नेसलंय?

शुद्धमती: आणि 'पातं' सुरीचं, डोळ्याचं. यंत्राला 'पर्ण'च हवं. पंख्याची पाती म्हणतात म्हणून ते शास्त्रीय होत नाही.

घूर्णक: उलट डोळ्याचंच पातं इथे फिट्ट बसतं! रोटरचं पातं फिरता फिरता वरखाली होतं, त्या 'फ्लॅपिंग'ला आम्ही मराठीत बोलताना चाचपडतो. 'पातं लवणं' तयारच आहे की. पर्ण कधी लवतं का?

रानपाखरू: हे घेतेच. 'पात्याची भोवऱ्याशी गाठ' कसं वाटतं? आणि नॉइज?

काजवा: गाठ छान. पण घूर्णकराव, तुम्ही भोवरा आणि जाळी एकाच वाक्यात लिहिलंत आणि मी हसत सुटलो. आमच्याकडे भोवरा फिरवायच्या दोरीलाच जाळी म्हणतात. "जाळी भरड असली तर भोवरा विरतो" हे आमच्या गल्लीतही शंभर टक्के खरं होतं.

शुद्धमती: ती दोरी. जाळी खिडकीला असते.

दगडू नाशिककर: जाळीच! सुताची, आणि बोटात धरायला टोकाला सोड्याच्या बाटलीचं बूच ठोकून बांधलेलं.

काजवा: बूच कसलं, आम्ही भोकाचं नाणं बांधायचो.