अठ्ठेचाळीस जणींची एक वाकळ: मापं आणि टाके कसे जुळवायचे?

पेठेतली_सुई
कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या ४८ जणी मिळून एक वाकळ करणार आहोत. प्रत्येकीनं घरी एक तुकडा भरायचा, मग सगळे जोडून वर धावदोरा घालायचा. तुकडा केवढा द्यावा? कापड किती लागेल? आत काय घालावं? पावसाळ्याआधी पुरी व्हायला हवी.

धावदोरा
ताई, कापड एकाच ठिकाणी, एकाच ताग्यातलं घ्या. ‘आपापल्या घरचं आणा’ म्हटलं की एकीचं मलमल, दुसरीचं टेरिकॉट येतं. सुती आटतं, टेरिकॉट आटत नाही, आणि पहिल्याच धुण्यात जोडावर चुण्या पडतात. इचलकरंजीचं कोरं सुती कापड चांगलं, पण त्यात खळ असते. रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवूनच कापा.

माप असं धरा: द्यायचा तुकडा १२ इंच, भरून आल्यावर ११ ला छाटायचा, शिवून दिसेल १०. आधी ११ चा देऊ नका, भरतकामानं कापड आत ओढलं जातं. प्रत्येक तुकड्यावर मधोमध ९ इंचांचा चौकोन पेन्सिलीनं आखून द्या आणि भरतकाम त्याच्या आतच ठेवायला सांगा. नाहीतर कुणाचं तरी फूल शिलाईत जातं, आणि मग वाईट वाटतं.

४४ इंची पन्ह्यात तीन तुकडे बसतात. ४८ लागतील, ५४ कापा, कारण सगळे परत येत नाहीत. म्हणजे साडेपाच मीटर, आटण्यासकट सहा. सहा तुकड्यांची ओळ, अशा आठ ओळी: ६० बाय ८० इंच. चहूकडून ५ इंची काठ लावला की ७० बाय ९०.

छाटायला पुठ्ठ्याचा एकच साचा आणि एकच माणूस. तुकड्यामागे पाव इंच चुकला तरी आठ तुकड्यांत दोन इंच होतात.

जुनी_साडी
आत जुन्या सुती साड्याच घाला. सहावारी साडीचे ९६ इंचांचे दोन तुकडे लांबीला लांबी जोडले की एक थर होतो. आत दोन आणि पाठीला एक, म्हणजे तीन साड्या. पाठ चारी बाजूंनी तीन इंच जास्त ठेवा.

लाल, गडद निळा रंग असेल तर ओलं पांढरं फडकं घासून बघा. रंग उतरला तर ती साडी बाद, आणि भरायच्या दोऱ्यालाही हीच परीक्षा.

धावदोरा
पटलं. शिवताना मात्र एक पथ्य पाळा. वाकळ काठाकडून आत चौकोनी फेऱ्यांत शिवायची आपली रीत एका हाताला जमते, कारण दोऱ्याची ओढ एकसारखी असते. अनेक हात लागले की मधे झोळ जमतो. म्हणून सगळे थर सतरंजीवर ताणून आधी वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला. मग मधून बाहेर या. मधल्या भागाला वाकळेवरच बसावं लागतं, तेव्हा सुरुवातीला चौघीच पुरेत. बाकीच्या काठाला आल्यावर. धावा दोन बोटांच्या अंतरावर.

पेठेतली_सुई
टाका कुणाचा लांब, कुणाचा बारीक येईल, त्याचं काय?

जुनी_साडी
तो तसाच राहू दे, वहिनी, ते सगळ्यांच्या हाताचं काम आहे. उसवायचा फक्त अर्ध्या इंचापेक्षा लांब टाका, कारण त्यात पायाचं बोट अडकून दोरा तुटतो. आणि मेअखेर शेवटची गाठ मारा. आपल्याकडे जूनपासून जाड वाकळ वाळत नाही, ओलीच घडी घातली तर कुबट वास धरते.