फायबर वाढवल्यावर पोट डब्ब होतंय: काय आधी कमी करू, आणि किती?

पानओला

तीन आठवड्यांपूर्वी आहार एकदम बदलला. पांढऱ्या पिठाचे पदार्थ बंद केले. सध्या सकाळी ८ ला ओट आणि त्यावर दोन मोठे चमचे गव्हाचा बारीक कोंडा, दुपारी १ ला वाटीभर शिजवलेलं कडधान्य, ४ वाजता सफरचंद आणि नासपती, रात्री मोठा वाडगा कच्च्या भाज्या. हिशेब केला तर फायबर रोज साधारण १२ ग्रॅमवरून ३५ च्या आसपास गेलंय. पाणी ३ लिटर.

संध्याकाळी ५ नंतर पोट डब्ब होतं, वारा सरत राहतो. शौचाला रोज होते, पण मळ खड्यांसारखा, कुंथावं लागतं आणि पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. रक्त नाही, ताप नाही, वजन स्थिर आहे.

जुन्या आहारावर परत जायचं नाही. फक्त यातलं आधी काय कमी करायचं आणि परत कसं वाढवायचं, ते आकड्यांत सांगाल का?

आहारवही

निवड बरीचशी चांगली आहे, वाढ मात्र फार झपाट्याने झाली. १२ वरून ३५ ला जायला पाच-सहा आठवडे तरी घ्यायला हवेत. फायबर पचवणारी विकरं (एन्झाइम्स) आपल्याकडे नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच चालतात. त्याच आंबण्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या पोटात मिथेनही सुटतो. जिवाणूंची वस्ती नव्या खुराकाला सरावायला काही आठवडे लागतात, तोवर वायू जास्त. दिवसाला १०-२० वेळा वारा सरणं तसंही निरोगी माणसात धरूनच चालायचं असतं.

आता घड्याळ बघा. अन्न जठरातून बाहेर पडायला २ ते ४ तास लागतात, लहान आतडं ओलांडायला आणखी ४ ते ६. म्हणजे ५ वाजता पोट फुगतं तेव्हा त्यात सकाळच्या ओट-कोंड्याचा वाटा मोठा असतो आणि दुपारच्या कडधान्याचा पुढचा भाग नुकताच पोचत असतो. बहुतेक जण शेवटी खाल्लेल्या पदार्थावर खापर फोडतात आणि भलतीच गोष्ट बंद करतात. जेवण संपता संपताच पोट फुगत असेल तर ते बहुधा घाईत गिळलेली हवा किंवा फसफसती पेयं. सफरचंद आणि नासपती थोडे वेगळे. त्यांतली फ्रुक्टोज ही फळसाखर आणि सॉर्बिटॉल हा साखरेसारखा गोड पदार्थ लहान आतड्यात अर्धवटच शोषले जातात, पाणी ओढत पुढे सरकतात आणि दोन-तीन तासांतही त्रास देऊ शकतात. दोन्ही एका बैठकीत नकोत.

पहिला आठवडा असा ठेवा: कोंडा पूर्ण बंद. कडधान्य शिजवलेलं ४० ग्रॅम, म्हणजे तीन मोठे चमचे. दोनांपैकी एकच फळ, दुसऱ्याऐवजी संत्रं किंवा किवी. रात्रीच्या भाज्या शिजवून. ओट आहेत तसे. त्यानंतर दर ५-७ दिवसांनी ३ ते ५ ग्रॅम फायबर वाढवा आणि एका वेळी एकच पदार्थ, नाहीतर बिघडलं कशाने ते कळणारच नाही. अंदाजासाठी: ४० ग्रॅम कोरडे ओट, ४ ग्रॅम फायबर. सालीसकट मध्यम सफरचंद, ४ ला थोडं वर. शिजवलेलं कडधान्य ६० ग्रॅम, ४ ते ५. दळलेलं जवस १० ग्रॅम, पावणेतीन. फुगणं वाढलं तर त्याच पायरीवर थांबा, दुखलं तर एक पायरी मागे या.

३५ गाठायलाच हवं असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम आहे, तेही अन्नातून.

कोंड्याबद्दल जरा अडून सांगतो, कारण ही चूक फार होते. जाडसर कोंडा आतड्याच्या अस्तराला घासतो, तिथून पाणी आणि बुळबुळीत स्राव सुटतो आणि मळ पुढे सरकतो. बारीक दळलेल्या कोंड्यात हा घासण्याचा गुण उरत नाही आणि तो पाणीही धरत नाही. मळाचा नुसता कोरडा भार वाढतो, मळ उलट घट्ट होतो. खडे होत असताना बारीक कोंडा घालणं म्हणजे उलट्या दिशेने जाणं.

भिजवण

कडधान्य कमी करण्याआधी ते शिजवता कसं ते तपासा. त्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा असतात. त्या तोडणारं अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर माणसाच्या आतड्यात नसतं, म्हणून त्या जशाच्या तशा जिवाणूंच्या हाती लागतात. त्या पाण्यात विरघळतात, हे आपल्या फायद्याचं.

८ ते १२ तास भरपूर पाण्यात भिजवा, ते पाणी ओता, दोनदा धुवा, ताज्या पाण्यात शिजवा. डबाबंद कडधान्य असेल तर डब्यातलं पाणी ओतून चाळणीत नीट धुवा. टोमॅटो, लिंबू असं काही आंबट दाणा मऊ झाल्यावरच घाला. आम्लामुळे दाण्यातलं पेक्टिन (पेशींना एकत्र धरणारा चिकट पदार्थ) घट्ट राहतं आणि तासभर उकळूनही मध्ये खडखडीत लागतं. दाणा दोन बोटांत दाबला की पिठूळ चुरा न होता लोण्यासारखा पसरला पाहिजे. खाण्याच्या सोड्याने दाणा लवकर मऊ होतो खरा, पण त्यात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. रोज वापरू नये.

राजम्याबाबत तडजोड नको. त्यातलं फायटोहेमॅग्लुटिनिन हे विषारी प्रथिन भिजवून जात नाही, भिजवल्यानंतर खळखळ उकळीवर किमान १० मिनिटं ठेवावं लागतं. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात थेट टाकला तर तापमान तेवढं चढत नाही, आणि मग काही तासांत उलट्या-जुलाब.

मोड आणल्याने या साखरा कमी होतात, तेव्हा मोड जरूर आणा, पण वाफवून खा. ओलसर उबेत जिवाणूही तितक्याच जोमाने वाढतात. २०११ मध्ये जर्मनीत पसरलेली ई. कोलायची मोठी साथ मेथीच्या मोडांपर्यंत जाऊन पोचली होती.

सुरुवातीला सालं काढलेली डाळ घेतलीत तर आणखी सोपं जाईल. फायबर थोडं कमी मिळतं, चालेल.

पानओला

कोंडा आजपासून बंद. कडधान्य चार तासच भिजत होतं आणि त्याच पाण्यात शिजत होतं. दोन उपप्रश्न: खडे होतात म्हणून पाणी ४ लिटर करू का? आणि कोंड्याऐवजी इसबगोल चालेल का?

ओंजळभर

पाणी वाढवू नका. प्यायलेलं पाणी, लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस मिळून रोज ८-९ लिटर द्रव आतड्यात उतरतो. बहुतेक लहान आतडं शोषून घेतं. मोठ्या आतड्यात पोचतो दीडेक लिटर आणि मळातून बाहेर पडतो जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. वरून एक लिटर प्यायलात तर ते लघवीत जाईल. आधी पाणी कमीच पडत असेल तर ते भरून काढल्याचा उपयोग होतो; लघवी फिकट पिवळी असेल तर पुरेसं आहे. मळात पाणी राहायला ते धरून ठेवणारं काहीतरी हवं, आणि तिथे इसबगोल कामाला येतो.

इसबगोलाची साल गर होऊन पाणी धरते आणि फारशी आंबत नाही, त्यामुळे वायू कमी. चमच्यावर भरवसा ठेवू नका, साल हलकी असते; वजन करा. ३ ग्रॅम, २४० मिलिलिटर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, थांबलात तर लापशी होते. वर आणखी एक पेला पाणी. आठवड्याने ५ ग्रॅम, लागलंच तर पुढे दोन वेळा ५-५. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशीच दुप्पट करू नका. कोरडा तोंडात टाकून वर पाणी पिणं धोक्याचं आहे, तो घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकतो. गिळायला त्रास होत असेल किंवा आतडं कुठे अरुंद झाल्याचं निदान असेल तर घेऊच नका. चालू औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

पायरीवर

आहारवहीच्या एका सल्ल्याशी असहमत आहे. खडे असताना वाढीव फायबरच्या पायऱ्या चढूच नयेत. खडे म्हणजे मळ मोठ्या आतड्यात फार वेळ रेंगाळलाय. मळाच्या आकारावरून सात प्रकार सांगणाऱ्या, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिस्टल तक्त्यात हा पहिला प्रकार. तिसरा-चौथा आला म्हणजे ठीक. साचलेल्यावर आणखी आंबवण घातलं तर फुगणारच. आधी १०-१२ दिवस इसबगोल किंवा रोज दोन हिरव्या किवी, आणि मळ मऊ झाल्यावर पहिली पायरी.

त्याच काळात वेळेची सवय लावा. जठरात अन्न पडलं की मोठं आतडं आकुंचन पावतं, आणि हा प्रतिसाद सकाळी सगळ्यात जोरकस असतो. न्याहारीनंतर २०-३० मिनिटांनी बसा, कळ असो वा नसो. कमोड असेल तर पायाखाली १५-२० सेंटिमीटरचं पाट किंवा स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर, पुढे झुकून कोपरं मांडीवर. गुदाशयाला आकड्यासारखा वेढा घालणारा स्नायू या बैठकीत सैल पडतो आणि वाट सरळ होते. श्वास रोखून कुंथू नका, सोडत सोडत पोट पुढे फुगवा. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा. फोन बाहेर ठेवा, मूळव्याधीला लांबलेली बैठक पुरते. आणि दिवसा कळ आली तर ती दाबू नका. थोपवलेल्या मळातलं पाणी शोषलं जात राहतं, उद्याचा खडा तिथेच तयार होतो.

जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाला. अडकलेला वायू पुढे सरकायला हे पुरतं.

आहारवही

पायरीवर यांचं मान्य, माझा क्रम बदलतो. कोंडा बंद, बाकी पहिल्या आठवड्याचा आहार तोच ठेवून मळ मऊ होईपर्यंत थांबा, मग ३-५ ग्रॅमची वाढ सुरू करा.

नाडीपट

दोन गोष्टी राहिल्या. चालू औषधांची यादी बघा: लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, ॲल्युमिनियमची आम्लनाशकं, काही ॲलर्जीच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध. यातलं काही असेल तर खड्यांचं कारण तिथेही असू शकतं. गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना पर्याय विचारा. मळ मऊ होऊनही अडकल्यासारखं वाटत राहिलं तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडण्याऐवजी आवळत असतील. तिथे फायबर वाढवून त्रास वाढतो. बायोफीडबॅक, म्हणजे स्नायूंची हालचाल उपकरणावर बघत ते सैल सोडायला शिकवणारी पद्धत, शिकवणारा फिजिओथेरपिस्ट गाठावा.

मळात रक्त, डांबरासारखा काळा मळ, कारणाशिवाय वजन घटणं, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारी कळ किंवा जुलाब, पंचेचाळिशीनंतर अचानक बदललेली सवय, घरात मोठ्या आतड्याचा कर्करोग: यातलं एक जरी असलं तरी वरचे प्रयोग थांबवून तपासणी करा. लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो, तेही डॉक्टरांना सांगा.

कोंड्यासोबत गहू पूर्णच सोडायचा विचार असेल तर त्याआधी सिलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) रक्तचाचणी करून घ्या, तिचं नाव टीटीजी-आयजीए. काही आठवडे गहू सोडल्यावर ती केली तर आजार असूनही निकाल नकारात्मक येऊ शकतो, आणि मग चाचणीसाठी पुन्हा कित्येक आठवडे रोज गहू खावा लागतो.