सुरक्षेसाठी दिलेला फोन क्रमांक जाहिरातीच्या कामी का यावा?

सावध वाचक (धागाकर्ता):
खात्यात शिरताना पासवर्डाच्या जोडीला सहा आकडी ओटीपी मोबाइलवर यावा, एवढ्याचसाठी आपण समाजमाध्यमांना फोन क्रमांक देतो. फेसबुक हाच क्रमांक नेमक्या व्यक्तीला नेमकी जाहिरात दाखवण्यासाठीही वापरत असल्याचे अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले आणि कंपनीने ते मान्यही केले. ट्विटरने ऑक्टोबर २०१९ मध्ये असाच प्रकार अनवधानाने घडला असावा, असे सांगितले. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या तक्रारीनुसार मात्र तो मे २०१३ पासून सप्टेंबर २०१९ पर्यंत चालू होता. (सहा वर्षे टिकणाऱ्या अनवधानाला वेगळा शब्द शोधायला हवा.) २०२२ मध्ये त्यापोटी १५ कोटी डॉलरचा दंड झाला. माझ्या मते हा केवळ खासगीपणाचा प्रश्न नाही. कुलपासाठी घेतलेली किल्ली दुकानदाराच्या हाती गेली, तर लोक कुलूप लावायचेच सोडून देतील.

जाहिरातवाला:
मी रोज हेच काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. विक्रेता आपल्या जुन्या ग्राहकांची यादी समाजमाध्यमावर चढवतो, तेव्हा प्रत्येक क्रमांकाचे एसएचए-२५६ या गणिती पद्धतीने चौसष्ट अक्षरांच्या हॅशमध्ये, म्हणजे मूळ क्रमांक थेट न दिसणाऱ्या सांकेतिक ओळीत, रूपांतर होते. समाजमाध्यम कंपनी आपल्याकडील क्रमांकांचे हॅश त्याच्याशी ताडून पाहते आणि विक्रेत्याला पडद्यावर दिसतो तो फक्त अंदाजे आकडा. कोण जुळले आणि कोण नाही, हे त्याला कधीच कळत नाही, त्यामुळे ‘क्रमांक विकले जातात’ हा सरसकट आरोप चुकीचा आहे. ही सोय नसेल, तर ज्याच्याकडे मोजकेच ग्राहक आहेत त्याला सगळ्या जगाला जाहिरात दाखवावी लागेल, आणि ते फक्त बड्या कंपन्यांनाच परवडेल. सुरक्षेचा क्रमांक वापरणे अयोग्यच होते. पण त्या एका चुकीपायी सगळी पद्धत मोडीत काढावी, हे मला पटत नाही.

आकडेमोड:
हॅशला आपण फार मोठे कवच समजत आहात. त्याच क्रमांकाचा हॅश प्रत्येक वेळी तोच येतो आणि म्हणूनच तर जुळणी होते. शिवाय दहा आकडी क्रमांक जास्तीत जास्त एक हजार कोटी संभवतात. तेवढ्यांचे हॅश काढून ठेवणे आजच्या संगणकाला मुळीच जड नाही, आणि मग हॅशवरून मूळ क्रमांक शोधता येतो. विक्रेत्याला नाव कळत नसेल, पण कंपनीला माणूस ओळखता आल्याखेरीज जाहिरात त्याच्यापर्यंत पोहोचेलच कशी?

दुसरा मुद्दा मला अधिक खटकतो. त्याच संशोधनात असेही आढळले, की तुम्ही स्वतः क्रमांक दिलेला नसला, तरी परिचितांपैकी कोणी आपली संपर्क यादी ॲपला वाचू दिली, तर त्या यादीतील तुमच्या क्रमांकावरूनही जाहिरातदार तुम्हाला गाठू शकतो. ‘परवानगी द्या’ हे बटण दाबले परिचिताने आणि संमती गृहीत धरली तुमची. असा क्रमांक तुमच्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये दिसतही नाही, मग काढणार कुठून?

जाहिरातवाला:
संपर्क यादीच्या बाबतीत मी माघार घेतो. तिथे संमतीचा युक्तिवाद टिकत नाही. पण सेवा फुकट हवी आणि जाहिरात नको, हे कसे जमायचे? मेटाने (फेसबुकची मालक कंपनी) नोव्हेंबर २०२३ पासून युरोपात पैसे भरून जाहिरातमुक्त वापराचा पर्याय दिलाच होता ना?

सावध वाचक:
दिला होता, आणि पैसे भरा किंवा संमती द्या या पेचाला खरी निवड म्हणता येत नाही, असे ठरवून युरोपीय आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये २० कोटी युरोंचा दंडही केला. जाहिरात दाखवायला माझी हरकत नाही. मी वाचत असलेल्या मजकुरावरून दाखवा, पण त्यासाठी माझा फोन क्रमांक कशाला?

२०१९ मध्ये फेसबुकला ५०० कोटी डॉलरचा दंड झाला, तेव्हा सुरक्षेसाठी घेतलेले क्रमांक जाहिरातीसाठी वापरण्यावर स्पष्ट बंदी आली. तोवर मी एका माध्यमावरून माझा क्रमांक रागाने काढून टाकला होता. फोन क्रमांक न देताही ओटीपीसारखा संकेत एखाद्या ॲपमधून घेण्याची सोय असते हे मला ठाऊक नव्हते, त्यामुळे कित्येक महिने ते खाते एका जुन्या पासवर्डाच्या भरवशावर राहिले. कुलूप सोडून देणाऱ्यांत मीही होतो.